जर्मनीत फी नाही म्हणतात, मग बारा लाख कसले?

बीईचे निकाल लागले की नात्यातल्या, ओळखीतल्या पोरांचे मेसेज यायला लागतात, दादा जर्मनीत शिक्षण फुकट आहे ना, मग एजंट बारा लाख भरायला का सांगतोय. तर हे बारा लाख बहुतेक वेळा फी नसतेच. तो ब्लॉक्ड अकाउंट, म्हणजे राहण्या-खाण्याचा खर्च झेपेल हे व्हिसासाठी दाखवायला आधीच भरून ठेवायचं खातं, वर्षाचे ११,९०४ युरो, पैसे तुमचेच, तुमच्याच नावावर राहतात आणि इथे जर्मनीत आल्यावर महिन्याला ९९२ युरो असे परत मिळतात, त्यातच रूमचं भाडं, खाणं, इन्शुरन्स सगळं भागवायचं. काका-काकूंना हे नीट समजावून सांगा रे, कारण फी समजून लोक घाबरतात आणि विषयच सोडून देतात.

खरी ट्यूशन फी बहुतेक सरकारी युनिव्हर्सिटीत नाही हे खरंय, पण राज्य बघा. बाडेन-व्युर्टेम्बर्गमध्ये, म्हणजे श्टुटगार्ट, कार्ल्सरुहं, हायडेलबर्ग वगैरे, २०१७ पासून युरोपियन युनियनबाहेरच्या विद्यार्थ्यांना सेमिस्टरला १,५०० युरो लागतात, आणि दुसऱ्या राज्यातल्या आखनला मेकॅनिकल केलं तर ते लागत नाहीत. म्युनिकमध्ये तर एकाच शहरात दोन तऱ्हा आहेत, टीयू म्युनिकने २०२४ च्या विंटर सेमिस्टरपासून आपल्यासारख्यांना फी लावली, मास्टर्सला सेमिस्टरला ४,००० ते ६,००० युरो, आणि तिथल्याच एलएमयू या दुसऱ्या सरकारी युनिव्हर्सिटीत नेहमीच्या मास्टर्सला ती नाही. सरकारी युनिव्हर्सिटीतही एमबीए टाइपचे, नोकरी करून आलेल्यांसाठीचे कोर्स असतात, ते महागच.

आता जे मला मनापासून खटकतं ते. काही एजंट जर्मनी म्हणून प्रायव्हेट युनिव्हर्सिटी गळ्यात मारतात, तिकडून त्यांना कमिशन मिळतं म्हणून, आणि घरचे शेत गहाण टाकून वर्षाला दहा-बारा हजार युरो भरतात, का तर अ‍ॅडमिशन पटकन होते. ऑफर लेटर आलं की आधी युनिव्हर्सिटी सरकारी की प्रायव्हेट ते बघा, मग डीएएडीच्या (परदेशी विद्यार्थ्यांना माहिती देणारी जर्मन संस्था) साइटवर तो कोर्स उघडा, तिथे ट्यूशन फी किती ते सरळ लिहिलेलं असतं. हे एजंटला नाही, स्वतः बघायचं.

निघायच्या आधीचे खर्च वेगळे, एपीएस सर्टिफिकेटचे, म्हणजे आपली मार्कशीट-डिग्री खरी असल्याच्या दाखल्याचे, १८,००० रुपये, युनि-असिस्टला, म्हणजे बऱ्याच युनिव्हर्सिट्यांचे अर्ज घेणाऱ्या संस्थेला, पहिल्या अर्जाचे ७५ युरो आणि त्याच सेमिस्टरच्या पुढच्या प्रत्येकाचे ३०, म्हणून उगाच पंधरा ठिकाणी अर्ज टाकू नका.

आणि सेमेस्टरबाइट्राग, म्हणजे दर सेमिस्टरची वर्गणी. ही ट्यूशन फी नाही, पण सगळ्यांना भरावीच लागते, साधारण १०० ते ४०० युरो, त्यात मेस-हॉस्टेल चालवणाऱ्या संस्थेचा वाटा, स्टुडंट युनियन, आणि बऱ्याच ठिकाणी बस-ट्रेनचं तिकीट. दर सेमिस्टरला मुदतीत भरायची, नाही भरली तर नाव कमी करतात आणि मग व्हिसाचंच लफडं होतं, त्यामुळे पहिल्या दिवशीच मोबाईलमध्ये रिमाइंडर लावून टाका.