वजन भायर! : दोना पावलाच्या पाण्यात एक आठवडा

गोव्यातल्या शिडाच्या बोटींच्या शर्यतींसाठी मला क्रूमध्ये घेतलं ते वजन बघून. जे-२४ वर्गाच्या बोटीवर सगळ्या क्रूचं मिळून वजन ४०० किलोंच्या वर जाता कामा नये, असा नियम आहे. भाईंच्या बोटीवर चौघांचे ३२७ झाले होते आणि पाचवा गडी आयत्या वेळी गळाला. फोनवर भाईंनी दोनच प्रश्न विचारले. "पोहता येतं ना? आणि खरं वजन सांग." मी म्हटलं, ६८. "ये तर मग."

गंमत वाटते, पण हिशेब साधा आहे. बोट २४ फुटी, रिकामी साधारण १,४०० किलोंची. त्यात ४०० किलो माणसं म्हणजे बोटीच्या पाव हिश्शाहून जास्त. वाऱ्याने बोट एका बाजूला कलली की ही माणसं दुसऱ्या कडेला जाऊन बसतात, बोट सरळ राहते आणि पळते. म्हणून क्लबला किंवा ओळखीच्या सेलरला "जागा असेल तर कळवा" असं सांगताना वजन खरं सांगा आणि अनुभव त्याहून खरा सांगा. मी मुंबईत काही रविवार दुसऱ्यांच्या बोटीवर बसलो होतो, एवढंच. तेवढंच सांगितलं, म्हणून मला झेपेल तेवढंच काम मिळालं.

मी ठाण्याहून रात्रीची कोकणकन्या धरून करमळीला उतरलो. पणजीला जायचं तर मडगावपर्यंत जाण्यात अर्थ नाही. राहायला मात्र पणजीच्या मधल्या भागापेक्षा दोना पावला किंवा ताळगाव बघा. दिवसभर उन्हात दोर ओढून आल्यावर कुणालाच रात्रीच्या पणजीत फिरायचं नसतं. स्कूटर भाड्याने घेणार असाल तर काळ्या पाटीवर पिवळे आकडे असलेलीच घ्या, नाहीतर पोलिसाने अडवल्यावर वेळही जाईल आणि पैसेही.

पहिल्या दिवशी काट्यावर उभं केलं. पाच जण पोहण्याच्या चड्डीवर, हातात आपापली पाण्याची बाटली, आणि समोर वही घेऊन बसलेली एक कडक बाई. एकूण ३९५. भाई खूश. "पाच किलो शिल्लक," म्हणाले.

शाळेत खारे वारे आणि मतलई वारे पाठ केले होते, ते कशासाठी हे या आठवड्यात कळलं. फेब्रुवारीत सकाळी जमिनीवरून हलका मतलई वारा येतो, दहाच्या सुमारास मरतो. मग पाणी तेलासारखं. बारा-एकच्या सुमारास वायव्येकडून खारा वारा धरतो आणि दुपारी चांगला जोर करतो. म्हणजे सकाळी ब्रीफिंगला हजर राहायचं, बोट सज्ज करायची, छोट्या होडीतून नांगरापाशी जायचं (किल, म्हणजे बोटीच्या तळाचं जड पातं, पाण्यात चार फूट खाली असल्याने बोट किनाऱ्याला लागत नाही) आणि मग नुसतं डुलत बसायचं. शर्यत चालवणाऱ्या कमिटीच्या बोटीवर लाल-पांढऱ्या पट्ट्यांचा निशाण दिसला की समजायचं, अजून थांबा. मळमळ होते ती याच वेळी, शर्यतीत नाही. गोळी निघण्याआधी तासभर घ्या आणि नजर आग्वादच्या दिशेला क्षितिजावर ठेवा. मोबाईलमध्ये डोकं घातलंत की संपलंच. तिसऱ्या दिवशी वारा आलाच नाही. आम्ही मुरगावकडे उभी असलेली जहाजं मोजली, संत्री खाल्ली आणि परत आलो.

ओहोटी आणि खारा वारा समोरासमोर आले की मांडवीच्या मुखाशी आखूड, उभ्या लाटा उठतात. आठवड्यातले सगळे खरचटे मला तिथेच मिळाले. अर्ध्या बोटांचे हातमोजे घ्या, आणि पांढऱ्या तळव्याचे बूट; काळा तळवा डेकवर रेघा ओढतो आणि मालकाचं तोंड बघवत नाही. टोपीला दोरी हवी. पाणी माणशी दोन लिटर, कमी नको.

शर्यत सुरू व्हायची पद्धत पाच मिनिटांची. पाच मिनिटं उरली की वर्गाचा निशाण वर, चारला दुसरा, एक मिनिट उरलं की तो दुसरा खाली, आणि शून्याला वर्गाचा निशाणही उतरतो. तोवर रेषेमागे अकरा बोटी एकमेकींच्या अंगावर. ज्या बोटीला वारा उजव्या बाजूने लागतो तिला वाट द्यायची, हा नियम आधी पाठ करून या. म्हणजे कुणी "स्टारबोर्ड!" ओरडलं की आपण का वळलो, ते तरी कळतं. घाई भाईंनाही नडली. एकदा आम्ही रेषा आधीच ओलांडली आणि परत बोलावल्याचं कुणालाच दिसलं नाही. बोटी अकरा, म्हणून गुण बारा. इथे कमी गुण चांगले, पहिल्याला एक. एक सर्वांत वाईट निकाल वजा होतो, त्यावर आम्ही आशा ठेवली.

ती आशा दुसऱ्या दिवशी मीच मोडली. माझं काम मधल्या माणसाचं: भाई "भायर!" ओरडले की कडेला, "भितर!" म्हटलं की आत, आणि खालच्या बोयाशी पोचताना स्पिनाकरची हॅलयार्ड, म्हणजे ते फुग्यासारखं शीड वर धरून ठेवणारा दोर, हळूहळू सोडायची. पुढच्या पोराने शिडाची कड हातात धरायच्या आधीच मी ती सगळी सोडली. दोर हातमोज्यातून सर्रकन गेला. शीड एक क्षण हवेत थांबलं, मग नाकापुढे पाण्यात आडवं पडलं, त्यात पाणी भरलं आणि बोटीखाली गेलं. कुणी मागून गचांडी धरावी तशी बोट थांबली. चौघांनी मिळून ते ओढून काढलं, तेव्हा त्यातून बादल्यांनी पाणी आणि एक जेलीफिश निघाला. पाच बोटी पुढे गेल्या. सेलर मंडळी याला कोळंबी पकडणं म्हणतात म्हणे. भाई जे म्हणाले ते कोंकणीत होतं आणि इथे लिहिण्यासारखं नाही.

त्या संध्याकाळी बोमनने, म्हणजे त्याच पुढच्या पोराने, मला किनाऱ्यावर बसवून हॅलयार्ड वीसेक वेळा सोडायला लावली. "मी 'धरलं' म्हणेपर्यंत तुझा हात हलायचा नाही." मग एकदाही चुकलो नाही. नवख्याने एवढंच करावं: एक काम नीट शिकावं, बोलायचं कमी, आणि आपल्याला पाण्यावर दिसलेला वारा न विचारता कुणाला दाखवू नये. माझ्या डोळ्यांना दिसलेला वारा तीनदा मासेमारांच्या जाळ्याचे तरंगते डबे निघाले. ते मात्र ओरडून सांगा. किलमध्ये जाळं अडकलं की शर्यत तिथेच संपते.

शेवटी सातवे आलो. शिडं गोड्या पाण्याने धुऊन गवतावर पसरली, दोरांचे वेटोळे केले आणि सगळे जेवायला गेलो. इसवणाच्या, म्हणजे सुरमईच्या, रव्यात तळलेल्या तुकड्या आल्या. मी एक खाऊन ताट सरकवलं, तर भाईंनी दुसरी माझ्या ताटात टाकली.

"खा रे. पाच किलो शिल्लक आहेत अजून."