ऐकलेलं पुस्तक वाचलेलं धरायचं का?

ऑडिओबुक ऐकलं तर ते वाचलं म्हणायचं का, असं तुम्ही विचारलंत म्हणून लिहिते. एखाद्या यंग अ‍ॅडल्ट, म्हणजे किशोरवयीनांसाठीच्या कादंबरीबद्दल बोलायला लागलं की प्रश्न येतोच, ‘वाचलीस की नुसती ऐकलीस?’ ऐकणाऱ्याने कष्ट चुकवले, हे विचारणाऱ्याने धरूनच टाकलेलं असतं.

वेळेचा हिशेब केला तर उलटंच दिसतं. ऐंशी हजार शब्दांची कादंबरी मनात वाचली तर पाच-साडेपाच तासांत होते. निवेदक मिनिटाला दीडशेच्या आसपास शब्द वाचतो, म्हणजे ऐकायला नऊ तास. आणि कंटाळवाणा परिच्छेद डोळा गाळतो तसा कानाला गाळता येत नाही.

कोर्टनी समर्स यांची ‘सेडी’ (२०१८) घ्या. धाकट्या बहिणीच्या खुन्याच्या मागावर निघालेली १९ वर्षांची सेडी तोतरी बोलते. छापील पानावर तोतरेपणा म्हणजे तेच अक्षर दोन-तीनदा आणि मध्ये बारीक आडव्या रेघा. सरावलेला डोळा शब्द ओळखतो आणि पुढे सरकतो. तो शब्द तोंडातून निघायला तिला किती वेळ लागला, हे आपल्याला सोसावं लागत नाही. ऑडिओबुकमध्ये सेडीला आवाज देणारी रिबेका सोलर तो वेळ घेते. समोरचा माणूस उत्तराची वाट बघतोय, सेडी अजून पहिल्याच अक्षरावर अडलेली, आणि आपणही तिच्याबरोबर अडलेले. तिच्या मनातलं निवेदन मात्र अस्खलित चालतं. आत इतकं नीट बोलणारी मुलगी बाहेर कशी अडते, हे कानाला प्रत्येक संवादात नव्याने टोचतं. उरलेली कादंबरी पॉडकास्टच्या संहितेसारखी आहे. पानावर बोलणाऱ्याचं नाव आणि पुढे त्याचं वाक्य. ऑडिओत प्रत्येक माणसाला स्वतःचा आवाज. मुलांच्या आणि किशोरांच्या ऑडिओबुकसाठी दिला जाणारा २०१९चा ओडिसी पुरस्कार या ध्वनिमुद्रणाला मिळाला, तो रास्तच होता.

पण हीच ‘सेडी’ दीडपट वेगाने लावा, वर अ‍ॅपमधली, मधले विराम कापणारी ‘शांतता गाळा’ ही सोय चालू ठेवा, की ज्यासाठी ऐकायचं तेच कापलं जातं. दुप्पट वेगाने ऐकून पुस्तकांची संख्या मोजणाऱ्यांची बाजू मला घेता येत नाही.

पूर्वी मी सरसकट भांडायचे, ऐकणं म्हणजे वाचणंच. आता कथाप्रकार बघून बोलते. फँटसी थेट कानाने सुरू केली तर घराणी, राज्यं, देवता यांची नावं एकमेकांत मिसळतात, आणि सुरुवातीचा नकाशा तर ऐकूच येत नाही. पहिली तीन-चार प्रकरणं पानावर वाचावीत, मग कान लावावा. दोन-तीन पात्रं आळीपाळीने ‘मी’ म्हणून सांगत असतील आणि निवेदक एकच असेल, तर प्रकरणाच्या मध्ये थांबू नये. परत लावल्यावर कोणाचा ‘मी’ चाललाय ते कळत नाही. ऐकणं आपोआप बंद करणारा स्लीप टायमर मिनिटांवर न लावता ‘प्रकरण संपेपर्यंत’वर लावला की हा घोळ होत नाही. प्रेमकथेत चॅटची पानंच्या पानं असतील तर छापीलच घ्या. पाठवणाऱ्याचं नाव आणि वेळ दर ओळीआधी ऐकून थट्टामस्करीची सगळी गंमत जाते. रहस्यकथेला मात्र कान चांगला, शेवटचं पान चाळायचा मोह होत नाही.

पद्य-कादंबरीपाशी, म्हणजे कवितांमधून सांगितलेल्या कादंबरीपाशी, माझं घोडं अडतं. एलिझाबेथ अ‍ॅसेवेडो यांनी ‘द पोएट एक्स’ स्वतःच वाचलीय. त्या स्वतः मंचावर कविता सादर करणाऱ्या, त्यामुळे कुठला शब्द आपटायचा आणि कुठला सोडून द्यायचा हे त्यांच्या आवाजात कळतं. पण ओळ कुठे तुटली, पान किती रिकामं ठेवलंय, हे कानाला दिसत नाही. पुस्तक उघडं ठेवून ऐकलं तर डोळा आवाजाच्या पुढे पळतो. आधी ऐकलं तर पुढे पानावरही त्यांचाच ठेका ऐकू येतो, आपला उमटत नाही. आधी वाचलं तर त्यांचा ठेका चुकीचा वाटायला लागतो, जो चुकीचा असूच शकत नाही. सध्या मी आधी वाचा म्हणते. पुढच्या वेळी विचाराल तेव्हा कदाचित उलटं सांगेन.