दुकानाचं खातं फ्रीज झालेलं, ते कसं सोडवलं - माझा अनुभव

कोल्हापुरात भवानी मंडपाजवळ चप्पल लाईनला आमचं दुकान आहे. ऐन सीझनला मालवाल्या कारागिराचे पैसे सोडायला गेलो तर पेमेंट फेल, परत केलं परत फेल, म्हणून बँकेत गेलो तर काउंटरवरचा म्हणतो तुमच्या खात्यावर सायबरचा होल्ड आहे. आबा लई हबकले, चाळीस वर्षं धंदा केलाय माणसानं, कुणाचा रुपाया बुडवला नाही, आणि घरी येऊन म्हणतात पोलीस येतील काय रे आता?

झालं होतं असं की दुसऱ्या राज्यात कुणाला तरी ऑनलाइन फसवलं, त्या माणसानं 1930 ला, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, तक्रार केली. तक्रार पडली की पैसा ज्या ज्या खात्यातून पुढं गेलाय तिथं तिथं बँका होल्ड लावत जातात. चोर पैसा एका खात्यात ठेवतच नाहीत, तासाभरात पाच-पंचवीस खात्यांत फोडतात, त्यातल्या एकेका टप्प्याला लेयर म्हणतात. ही खाती बऱ्याचदा भाड्यानं घेतलेली असतात, चार पैशासाठी पोरं आपलं पासबुक, सिमकार्ड, एटीएम दुसऱ्याच्या हातात देतात, आणि गुन्ह्यात नाव त्यांचंच येतं, हे बघून खरंच जीव तुटतो. तर त्यातल्याच कुणीतरी आमच्याकडनं दोन जोड घेतले आणि यूपीआय केलं. 2400 रुपये. तेवढ्यासाठी सगळं खातं बंद!

बँकेत नुसतं "काय करायचं" विचारून काही हाताला लागत नाही. लेखी अर्ज दिला आणि मागून घेतलं: तक्रारीचा अॅक्नॉलेजमेंट नंबर, कुठल्या राज्याचं कुठलं पोलीस ठाणं, तपास अधिकाऱ्याचा ईमेल, वादातली रक्कम आणि त्या व्यवहाराचा यूटीआर, म्हणजे प्रत्येक व्यवहाराला असतो तो वेगळा नंबर. हे मिळालं की निम्मं काम झालं समजा. इथल्या सायबर पोलिसांनी नीट ऐकून घेतलं पण तक्रार तिकडची, त्यामुळं एनओसी, म्हणजे ना-हरकत पत्र, तिकडनंच यायला लागते म्हणाले.

मग त्या अधिकाऱ्याला मेल केला. बिल, त्या महिन्याचं स्टेटमेंट, जीएसटी सर्टिफिकेट, आधार, दुकानाचा फोटो, आणि अर्धं पान साधं पत्र की माल विकलाय, गिऱ्हाईक ओळखीचं नाही. उत्तर लगेच येत नाही, फोन करत राहायला लागतं, मी हिंदीत बोललो, आवाज चढवला नाही.

दरम्यान एका वकील मित्रानं सांगितलं की पोलिसांना खातं गोठवायचा अधिकार भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 106 मध्ये आहे, आधी ते सीआरपीसीचं, म्हणजे जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेचं, 102 होतं, पण वादातल्या रकमेपुरताच होल्ड ठेवा असं केरळ हायकोर्टानं 2023 मध्ये बँकांना सांगितलेलं आहे. हे धरून बँकेच्या नोडल अधिकाऱ्याला, म्हणजे अशा तक्रारी बघणाऱ्या अधिकाऱ्याला, दुसरा अर्ज दिला, आणि 2400 सोडून बाकी खातं चालू झालं. कारागिराचे पैसे त्याच दिवशी सोडले, आबा त्या रात्री पोटभर जेवले. अडकलेल्या 2400 ची एनओसी नंतर मेलवर आली. तसं झालं नसतं तर कोर्टात अर्ज करायची तयारी ठेवली होती.

एक मात्र ध्यानात ठेवा, मध्येच एकाचा फोन आला, खातं सोडवून देतो, दहा टक्के द्या. ह्यांना नंबर कुठनं मिळतो देव जाणे, पण आधीच घाबरलेल्या माणसाला दुसऱ्यांदा लुटायचा धंदा आहे हा, काही द्यायचं नाही.

आता आमच्याकडं अनोळखी यूपीआय असेल तर बिलावर यूटीआर आणि गिऱ्हाइकाचा मोबाईल लिहितो. आणि कुणी "जास्त पैसे आले चुकून, दुसऱ्या नंबरवर परत टाका" म्हणालं तर ज्या खात्यातनं आले तिथंच बँकेमार्फत परत, दुसरीकडं नाही. कारागिराचे पैसे द्यायला दुसऱ्या बँकेत एक वेगळं खातंपण काढून ठेवलंय.