केंटकीतलं बेरिया : डोंगरपायथ्याचं कॉलेज

अमेरिकेतल्या केंटकी राज्यात, बेरिया नावाच्या गावात बेरिया कॉलेज आहे. बेरियाला जायचं तर थेट बेरियाला जाऊ नये, असं माझं मत आहे. लेक्सिंग्टन शहरातून आय-७५ हमरस्त्याने दक्षिणेला चाळीसेक मैल गेलं की गाव येतं. पण हे कॉलेज का निघालं ते कळायला आधी यूएस-२७ रस्त्यावरच्या कॅम्प नेल्सनला थांबावं. अमेरिकेच्या यादवी युद्धात इथे, दक्षिणेतल्या गुलामगिरीवादी राज्यांविरुद्ध लढणाऱ्या उत्तरेच्या सैन्याचा तळ होता आणि दहा हजारांहून जास्त कृष्णवर्णीय सैनिक इथून गेले. सैन्यात नाव घातलं की पुरुष गुलामगिरीतून सुटे, बायकामुलं मात्र सुटत नसत. नोव्हेंबर १८६४ मध्ये तळावर आसऱ्याला आलेल्या सुमारे चारशे बायकामुलांना कडाक्याच्या थंडीत बाहेर काढलं गेलं. त्यांतली १०२ माणसं मेली. त्या वर्षी जॉन ग्रेग फी नावाचा धर्मोपदेशक या तळावर शिकवत होता. बेरियाची शाळा त्याचीच, आणि तेव्हा ती बंद पडलेली होती.

फी केंटकीचाच, गुलाम बाळगणाऱ्या घरातला. कॅशियस क्ले या गुलामगिरीविरोधी जमीनदाराने त्याला डोंगरपायथ्याशी जागा दिली आणि १८५५ मध्ये तिथे एका खोलीची शाळा उभी राहिली. बेरिया हे नाव बायबलमधलं. खुल्या मनाने ऐकून घेणाऱ्या लोकांचं ते गाव. १८५९ मध्ये गुलामांना सोडवण्यासाठी जॉन ब्राउनने केलेल्या सशस्त्र उठावानंतर दक्षिणेत घबराट पसरली, तेव्हा डिसेंबरात हत्यारबंद लोकांनी फी आणि त्याच्या सहकाऱ्यांना दहा दिवसांत जिल्हा सोडायला लावला. गव्हर्नरने संरक्षण दिलं नाही. युद्धानंतर फी परतला, कॅम्प नेल्सनमधली काही कुटुंबंही आली, आणि १८६६-६७ च्या पटावर १८७ विद्यार्थी लागले : ९६ कृष्णवर्णीय, ९१ गोरे. मुलगे-मुली एकाच वर्गात. दक्षिणेत तोवर असं कॉलेज नव्हतं.

कॉलेजच्या मूळ घटनेत गुलामगिरी आणि पंथाभिमान यांच्या जोडीने आणखी एका गोष्टीला विरोध नोंदवला आहे : 'कास्ट'. तिथे तो वर्णभेदासाठी वापरलेला असला, तरी मराठी वाचक त्या शब्दाशी थांबल्यावाचून पुढे जात नाही.

आवारात पायीच फिरावं. सगळं बून टॅव्हर्न या कॉलेजच्या हॉटेलभोवती आहे. हॉटेल १९०९ चं. तिथे खोली आवरणारे, वाढणारे बरेच हात विद्यार्थ्यांचे असतात. मक्याच्या पिठाचा, चमच्याने खायचा मऊ स्पूनब्रेड इथे गरम असतानाच खावा, निवला की तो बसतो. समोरच्या बाजूला लिंकन हॉल (१८८७) आणि जरा पलीकडे फेल्प्स स्टोक्स चॅपेल (१९०६) आहे. चॅपेलचं बांधकाम विद्यार्थ्यांनी केलेलं आहे. भिंतीजवळ जाऊन विटा बघा, मग पुढचं ऐका.

कारण चॅपेल पूर्ण होत असतानाच कॉलेजचा पायाच उखडला होता. १९०४ मध्ये केंटकीच्या विधिमंडळाने 'डे कायदा' केला : दोन वंशांना एकत्र शिकवलं तर संस्थेला हजार डॉलर दंड, आणि दुसऱ्या वंशासाठी शाखा काढायची तर निदान पंचवीस मैल दूर. राज्यात असं एकत्र कॉलेज हेच एक होतं, म्हणजे कायदा एकाच पत्त्यावर धाडलेला. बेरिया वॉशिंग्टनच्या सर्वोच्च न्यायालयापर्यंत लढलं आणि १९०८ मध्ये हरलं. तर्क असा, की संस्थेला अस्तित्व राज्यानेच दिलं, तेव्हा तिच्या सनदेत बदल करायचा अधिकारही राज्याचा. ठाम असहमती लिहिली न्या. हार्लन यांनी, तेही केंटकीचेच. पुढे निधी उभारून लुईव्हिलच्या वाटेवर कृष्णवर्णीय मुलांसाठी लिंकन इन्स्टिट्यूट निघाली (१९१२). १९५० मध्ये कायदा सैल झाल्यावरच बेरियाने दार पुन्हा उघडलं. ४६ वर्षं गेली.

सगळा दोष कायद्यावर टाकून मोकळं होता येत नाही. १८९२ पासून अध्यक्ष असलेल्या विल्यम फ्रॉस्टने ॲपलाचियन डोंगरातल्या गरीब गोऱ्यांकडे मोहरा वळवला होता आणि कायद्याआधीच पटावरचा तोल ढळला होता. कृष्णवर्णीयांच्या इतिहासलेखनाचा पाया घालणारा कार्टर वुडसन १९०३ मध्ये इथून पदवी घेऊन बाहेर पडला. एक वर्ष उशीर झाला असता, तर त्याला दार बंद मिळालं असतं.

फ्रॉस्टच्या काळातला दुसरा निर्णय मात्र आजही सगळं तोलून धरतो. १८९२ पासून इथे शिक्षणशुल्क घेत नाहीत. 'फुकट कॉलेज' म्हणताना दोन गोष्टी सुटतात. राहण्याजेवणाचा खर्च आपोआप माफ होत नाही, तो घरच्या ऐपतीवर ठरतो. आणि ऐपत असलेल्याला इथे सहसा प्रवेशच नाही. पटावरचे दीडेक हजार विद्यार्थी गरजू घरांतले, बहुतेक ॲपलाचियातले. पैसा येतो तो मुख्यतः शंभर कोटी डॉलरांहून मोठ्या स्थायी निधीच्या उत्पन्नातून. १९२० मध्ये विश्वस्तांनी ठरवलं, की कुठल्याही अटीविना आलेलं मृत्युपत्री दान खर्चायचं नाही, निधीत टाकायचं. म्हणून एवढ्याशा कॉलेजचा निधी इतका वाढला. बाजार कोसळला की हाच कणा दुखतो, आणि भरून काढायला शुल्क नसतं.

प्रत्येकाने आठवड्याला निदान दहा तास काम करायचं, पहिल्या वर्षापासून. मोबदला मिळतो आणि कामाचं मूल्यमापनही होतं. चुकारपणा केला तर वर्गातल्या नापासासारखीच ताकीद येते. सत्रपरीक्षेच्या आठवड्यात अभ्यास आणि कामाचे तास यांची ओढाताण होते, आणि वेळेचं गणित न जमलेले पहिल्या वर्षातच अडखळतात.

हे पाहायचं तर झाडूची कार्यशाळा गाठा. सुट्ट्यांत आणि रविवारी जाऊ नका, कारागीर विद्यार्थीच असतात. झाडूचं गवत ज्वारीच्याच जातीचं, फक्त तुरा लांब. ते आधी पाण्यात भिजवतात, कोरडी काडी वळवताना तुटते. मग दांडा फिरवत एकेक मूठ तारेने किंवा दोऱ्याने आवळत जायची. ताण एकसारखा हवा. मधेच ढिला पडला तर वाळल्यावर काड्या आक्रसतात आणि मूठ दांड्यावरून सरकते. त्यानंतर पकडीत दाबून चपटं करायचं, आडवी शिवण घालायची, टोकं छाटायची. शिवण ओल असतानाच घालावी लागते. शेजारी मागावर कांबळी विणतात. कडा आत ओढली जाऊ नये म्हणून आडवा धागा सरळ न टाकता किंचित कमानीत टाकतात.

दुपार हाताशी असेल तर गावाच्या पूर्वेला राज्यरस्ता २१ वर इंडियन फोर्ट थिएटरपाशी गाडी लावून पिनॅकल्स हे डोंगरकडे चढावे. शेवटचा टप्पा चढाचा आणि पानगळीत निसरडा, पाणी सोबत घ्यावं. हे हजारो एकरांचं रानही कॉलेजचंच. काही लाकूड अजून खेचरांनी ओढून काढतात आणि त्यांच्यामागे चालणाऱ्यांत विद्यार्थी असतात. वरून एका बाजूला ब्लूग्रास या मध्य केंटकीच्या प्रदेशाची कुरणं दिसतात, दुसऱ्या बाजूला डोंगर. मधोमध गावाची छपरं.