चिनू एकटी गेली

काल रात्री जेवणं झाल्यावर चिनू मागच्या दारी एकटीच गेली. वीज गेलेली, पाऊस नुकताच थांबलेला. मी बॅटरी शोधून उठेपर्यंत पाय धुऊन परतसुद्धा आली. "आत्या, तू झोप," म्हणाली आणि आडवी झाली. तेव्हापासून मला चैन नाही.

परवापरवापर्यंत माजघरातून पडवीत जायचं तर तिला माझं बोट लागायचं. वाडीत पोफळी सळसळल्या की कमरेला मिठी. आणि काल हाकसुद्धा नाही.

तिला तो कॉम्प्युटरवरचा खेळ मीच लावून दिला होता. पजामा सॅम, १९९६ चा, ह्यूमंगस एंटरटेनमेंटचा. दादाच्या सीडीवरच्या फायली उतरवून स्कमव्हीएममध्ये, म्हणजे जुने खेळ आजच्या लॅपटॉपवर चालवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये, घातल्या आणि निळ्या मुलाचं ते तोंड दिसलं तेव्हा मला भरून आलं. अंधाराला भिणारा सॅम अंधारालाच पकडायला कपाटात शिरतो. आत गेल्या गेल्या झाडं त्याच्याकडची बॅटरी, डबा, मुखवटा काढून घेतात आणि ते शोधत फिरायचं. कुठे काय सापडतं ते मला पाठ होतं, म्हणजे मला तसं वाटत होतं. नवा खेळ सुरू केला की वस्तूंच्या जागा बदलतात. दादा आणि मी खेळायचो तेव्हा ते कधी जाणवलं नव्हतं. की दादाला माहीत होतं? असो. चिनूला मी काहीच सांगू शकले नाही. तिने विचारलंही नाही.

त्यात ऑटो नावाची एक लाकडी होडी आहे. ती पाण्यात जायला घाबरते, बुडेन म्हणते. चिनू माझ्याकडे वळली, "लाकूड बुडतं कधी?" हर्णैच्या पोरीला हे सांगायला कोण लागतं! मग तिने फळी शोधून आणली, ऑटोसमोर पाण्यात टाकली. फळी तरंगली, होडीला धीर आला. चिनू गुडघ्यांवर उभी राहून टाळ्या पिटत होती. "आता ही बंदरावर न्यायला हवी," म्हणाली. मी तिच्या मानेकडे बघत बसले होते, केस किती वाढलेत ते बघत.

शेवटी अंधार सापडतो तेव्हा कळतं की त्याच्याशी कुणी खेळतच नाही, म्हणून तो एकटा पडलाय. सॅम त्याच्याशी खेळतो. चिनूने ते अगदी गप्प राहून पाहिलं. दुसऱ्याच रात्री मागचं दार उघडून गेली.

मग माझं काय? काल रात्रभर हेच घोळत होतं. निसर्ग वादळानंतर, जून २०२० मध्ये, आमच्या दापोली तालुक्यात कितीतरी दिवस वीज नव्हती. चिनू तेव्हा मांडीएवढी. कंदिलाच्या उजेडात तिला थोपटत मीच बसायचे. वहिनी त्या वेळी... जाऊ दे. पण बोट धरायला कुणी तरी आहे, एवढ्यावर माझे बरेच दिवस गेले. ते बोट आता सुटलं.

सुटायचंच होतं. सकाळी चहा टाकताना हे कळलं आणि फारसं दुखलं नाही. तिला धीर यावा म्हणूनच तर मी सीडी शोधून काढली होती. ती आज विहिरीपाशी तोंड धूत होती, मान ताठ. मला तिचा अभिमान वाटला, खरंच वाटला.

दुपारी आली, "पुढचा आहे का?" आहे. १९९८ चा. त्यात सॅम विजांना भितो आणि हवामान चालवणाऱ्या यंत्राचे सुटलेले भाग शोधत फिरतो. वीज कडाडली की चिनू अजून माझ्या गोधडीत येते. सीडी हातात घेऊन मी बराच वेळ कपाटाशी उभी राहिले.

आता फायली उतरतायत. सुवर्णदुर्गावर ढग आलेत, वीज जायच्या आत लॅपटॉप चार्ज करून घेते.