साल्हेरची खिंड आणि अर्धी बाटली

ऑक्टोबरातला रविवार. नवख्यांचा ट्रेक, साल्हेरचा, पण माथ्यापर्यंत नाही. वाघांबे गावातून साल्हेर आणि शेजारचा सालोटा किल्ला यांच्या मधल्या खिंडीपर्यंत चढायचं आणि परत. साल्हेर 1567 मीटर, राज्यातला सर्वांत उंच किल्ला. कोरीव पायऱ्या, दरवाजे, गंगासागर तलाव, परशुरामाचं देऊळ, सगळं खिंडीच्या वर. त्यामुळे खिंडीतून मागे फिरायचं म्हटलं की लोक नाराज होतात. 2025 च्या जुलैत युनेस्कोच्या यादीत आलेल्या बारा किल्ल्यांत साल्हेर आहे, तेव्हापासून तर कधीच डोंगर न चढलेले लोकही थेट साल्हेरच मागतात. मी त्यांना आधी खिंडच दाखवतो आणि यापुढेही तेच करणार.

पहाटे साडेचारला नाशिकच्या द्वारका चौकातून गाडी निघाली. देवळ्याला पोहे-चहा. एक ताई खाली उतरल्या, पण गाडी लागते म्हणून त्यांनी काही खाल्लं नाही. बँकेत नोकरी, वय चाळिशीच्या आसपास, अंगाने बारीक. पाठीला तीन लिटरची नळीवाली पिशवी, शिवाय दोन बाटल्या. माझ्या मेसेजमध्येच लिहिलेलं होतं, ‘प्रत्येकी चार लिटर पाणी, तहान लागायच्या आधी प्या.’ अकरा वर्षं मी तेच वाक्य पाठवत होतो.

वाघांब्यातून वर जाताना ऑक्टोबर हीटचा तडाखा कसा असतो, ते चढल्याशिवाय कळत नाही. पावसाळ्यातलं गवत पिवळं पडायला लागलेलं, वारा बंद, कातळ साडेनऊलाच तापलेला. माझा सोबती, नवा मुलगा, दर दहा मिनिटांनी ओरडत होता, “पाणी प्या, पाणी प्या!” मुलगा कष्टाळू आहे, पण त्याला समोरचा माणूस दिसत नाही, फक्त सूचना दिसतात. अर्थात त्या सूचना माझ्याच होत्या. ताई इमानेइतबारे पीत होत्या. मला बरं वाटत होतं, निदान एक जण तरी ऐकतंय.

खिंडीत पोचायला दोन तास लागले. ताई दगडावर बसल्या आणि म्हणाल्या, डोकं फुटतंय. मग उलटी झाली. ऊन, चढ, रिकामं पोट. मी पाणी कमी पडलं असं धरून चाललो, अर्ध्या बाटलीत ओआरएस कालवलं आणि घोटघोट पाजायला लागलो. पाच मिनिटांत पुन्हा उलटी, नुसतं स्वच्छ पाणी. मी पुन्हा बाटली पुढे केली.

आमच्याबरोबर गावातले वाटाडे दादा होते. ते दिवसभर एका बाटलीवर चालतात, फडक्यात भाकरी, चटणी आणि कांदा. ते म्हणाले, “साहेब, आता नका पाजू. बाईच्या पोटात पाणी वाजतंय.” मी त्यांच्याकडे दुर्लक्ष केलं. हे लिहिताना हात अडखळतो, पण केलं.

मग ताईंनी विचारलं, “माझी छत्री कुठंय?” त्यांनी छत्री आणलीच नव्हती. दोन मिनिटांनी पुन्हा तेच. कपाळाला हात लावला तर गार आणि ओलं, म्हणजे उष्माघातासारखं वाटत नव्हतं. नाडी बघायला हात धरला आणि अंगठी दिसली. सकाळी गाडीत चढताना त्या ती सहज फिरवत होत्या. आता अंगठीच्या दोन्ही बाजूंनी मांस वर आलेलं, घड्याळाच्या पट्ट्याचा मनगटावर खोल वळ. पाणी कमी पडलेल्या माणसाची बोटं सहसा अशी सुजत नाहीत.

तेव्हा कुठे मी त्यांच्या मैत्रिणीला विचारलं, वाटेत लघवीला किती वेळा गेल्या? पाच वेळा, आणि अगदी पाण्यासारखी. हा प्रश्न मी अर्धा तास आधी विचारायला हवा होता. बाईला कसं विचारायचं, या संकोचात राहिलो. प्रथमोपचाराच्या कोर्समध्ये आम्हाला खुब्याच्या हाडाला फळी कशी बांधायची ते दोन दिवस शिकवलं, आणि हा एक प्रश्न कोणी शिकवला नाही. मला त्याचा राग आहे.

साधं पाणी भराभर पोटात गेलं, मीठ घामावाटे गेलं, वर खाल्लं काहीच नाही, की रक्तातलं सोडियम पातळ होतं. मग पाणी पेशींमध्ये शिरतं, मेंदूलाही सूज येते. त्यावर आणखी पाणी पाजणं म्हणजे आजार वाढवणं. ओआरएसमधलं मीठही रक्तातल्या मिठापेक्षा कमीच असतं, त्यामुळे माझ्या बाटलीने काहीच सावरणार नव्हतं.

बाटली बंद केली. तोंडातून काही द्यायचं नाही, असं सगळ्यांना सांगितलं. दादांनी आणि मी त्यांना दोन्ही बाजूंनी धरून उतरवलं, घसरड्या मुरमावर दादा पुढे पाय रोवून उभे राहत. खालून गाडीने ताहाराबादमार्गे सटाणा. तिथल्या डॉक्टरांना मी आधी अंगठी दाखवली, मग किती पाणी प्यायल्या तो हिशोब सांगितला. साधं सलाईन लावलं नाही, रक्त तपासलं. सोडियम 121. असायला हवं 135 ते 145. तीन टक्क्यांचं, म्हणजे जास्त मिठाचं सलाईन थोडंथोडं दिलं. संध्याकाळी ताईंनी मला नावाने हाक मारली आणि छत्रीचं विचारलं नाही.

त्या तिसऱ्या दिवशी घरी आल्या. अंगठी कापावी लागली नाही, सूज उतरल्यावर आपोआप निघाली.

मी मेसेजमधलं ते वाक्य काढलं. त्या जागी काय लिहायचं, यावर सोबत्याशी दोनदा वाद झाला. तो म्हणतो, लोकांना आकडा लागतो, नाहीतर उद्या कोणी रिकाम्या बाटलीने येईल, आणि उन्हाळ्यात तेही आम्ही पाहिलंय. तो चुकीचं बोलत नाही. आता देवळ्याला सगळ्यांनी खाल्ल्याशिवाय गाडी हलत नाही, आणि थांब्यावर लघवीचं मी स्वतः विचारतो, बायकांनाही.

परवा ताईंचा फोन आला. डिसेंबरात पुन्हा येणार, यावेळी पण खिंडच. “पाणी किती आणू?” मी सवयीने तोंड उघडलं आणि थांबलो. म्हटलं, “तुम्ही आधी पोहे खाणार का, ते सांगा.”