आमची वाटचाल: बादलीच्या बुडातून टोमॅटो

आमच्या घराला अंगण नव्हतं, होती ती चार हात रुंदीची गॅलरी. खाली कुंड्या मांडल्या तर चालायला जागा उरेना, म्हणून बायको म्हणाली, वर टांगू. त्या वाक्यातून आमचा व्यवसाय उभा राहिला. आज आम्ही दोघं आणि तीन मदतनीस मिळून टोमॅटो उलटे लावायच्या टांगत्या बादल्या बनवतो. बुडाला भोक, भोकातून खाली लोंबणारं रोप, वर मोकळं तोंड पाणी घालायला, इतकी साधी वस्तू. पण ती साधी व्हायला आम्हाला बरेच हंगाम लागले.

पहिली बादली 20 लिटरची होती, ज्यात खाण्याचं तेल आलं होतं ती. रंगाची बादली आम्ही तेव्हाही घेतली नाही आणि आजही घेत नाही. ज्या मातीतून आपण खाणार, ती कशात ठेवायची याबाबत आम्ही फार काटेकोर आहोत. बुडाला 5 सेंटिमीटरचं भोक पाडलं आणि रोप बाहेरून आत ढकलायला गेलो. मुळांचा गोळा भोकात अडकला आणि खोड मोडलं. दुसऱ्या रोपाचंही तेच झालं. मग बायकोने पानं वर्तमानपत्राच्या कागदात सुरळीसारखी गुंडाळली आणि ती सुरळी आतल्या बाजूने भोकातून खाली सोडली. पानं मिटून अलगद बाहेर आली, मुळं आत राहिली. खोडाभोवती मधोमध चीर दिलेला स्पंजचा तुकडा बसवला की माती गळत नाही. आजही प्रत्येक बादलीसोबत आम्ही हा स्पंज देतो आणि सुरळी कशी करायची ते चित्र काढून दाखवतो.

मग आली वजनाची परीक्षा. शेतातली माती भरली होती. ओली झाली की 20 लिटरची अशी बादली 30 किलोच्या पुढे जाते. एका पहाटे प्लॅस्टिकचं कडं तुटलं आणि फुलोऱ्यावर आलेलं रोप बादलीसकट खाली आलं. तिथे कुणी उभं नव्हतं, हे नशीब. ती भीती माझ्या मनातून अजून गेलेली नाही. त्या दिवसापासून कड्यावर भार टाकणं बंद केलं. तोंडाच्या काठाखाली तीन ठिकाणी भोकं पाडून साखळ्या ओवतो आणि हुक नेहमी तुळईत किंवा स्लॅबमध्येच बसवायला सांगतो, नुसत्या छताच्या पत्र्याला कधीच नाही. माती सोडून कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा), कंपोस्ट आणि परलाइट (फुगवलेल्या खडकाचे हलके पांढरे दाणे) यांचं मिश्रण भरू लागलो, तेव्हा वजन जवळपास निम्म्यावर आलं आणि मुळांना हवाही मिळू लागली.

एक गोष्ट आम्ही सुरुवातीला चुकीची सांगत होतो, ती मनापासून लिहितो. पहिल्या लेबलवर ‘दुप्पट टोमॅटो’ असं छापलं होतं. आमची त्यावर श्रद्धा होती, पण मोजमाप नव्हतं. एक काकू टोमॅटो घेऊन आल्या, सगळ्यांच्या बुडाला काळे, दबलेले डाग. रोग समजून त्यांनी औषध मारलं होतं. खरं कारण पाणी होतं. कॅल्शियम फळात पाण्याबरोबरच पोचतं, आणि टांगलेली बादली चहूबाजूंनी वारा-ऊन खाऊन लवकर सुकते. एक दिवस कोरडी, एक दिवस तुडुंब, असं झालं की फळाचं टोक कुजतं. मी त्यांना नवं रोप दिलं आणि घरी येऊन लेबल फाडलं. उलटं लावल्याने पीक दुप्पट होत नाही, जागा वाचते आणि काठ्या बांधायचा त्रास जातो, एवढंच आता छापतो.

पाण्यावरच मग आम्ही सगळा जीव लावला. गडद रंगाच्या बादल्या उन्हात तापतात, म्हणून फिकट रंग घेतला. वरच्या तोंडाला पालापाचोळ्याचं आच्छादन घालायला सांगतो. कडक उन्हात दिवसातून दोनदा पाणी लागतं, आणि ते सकाळी घातलेलं बरं, कारण वरून झिरपलेलं पाणी खोडावरून पानांवर येतं. दिवसभरात पानं सुकली तर करपा, म्हणजे पानांवर डाग पाडणारा बुरशीचा रोग, धरण्याची शक्यता कमी होते. बोट दोन पेरं आत घालून ओल पाहावी, यासारखं दुसरं यंत्र आम्हाला तरी सापडलेलं नाही.

ग्राहकांचा सगळ्यात मोठा प्रश्न असतो, ‘रोप वर का वळतंय?’ वळणारच. खोडाच्या खालच्या अंगाला वाढीचं संप्रेरक, म्हणजे ऑक्सिन, जास्त जमतं, ती बाजू भराभर लांबते आणि शेंडा उजेडाकडे उचलला जातो. नव्या रोपाचं खोड थोड्याच दिवसांत हूकसारखं वाकतं. जोराने सरळ करू नये, फटकन मोडतं. फळं धरली की त्यांच्या वजनाने फांद्या आपसूक खाली येतात. म्हणून आम्ही चेरी टोमॅटोची ठेंगणी वाणंच सुचवतो. मोठ्या फळांची, सतत वाढणारी वाणं इथे मला पटत नाहीत, लांब फांदी वाऱ्यावर हेलकावे खाते आणि बुडाशी चिरते. आणि सहा-आठ तास ऊन नसेल, तर बादली विकायलाही आम्ही नको म्हणतो.

सध्या झाकणातच पाण्याचा साठा असलेली बादली तयार करतोय. थेंब-थेंब पाणी सोडायचं भोक किती बारीक असावं, यावर गॅलरीत चार बादल्या टांगल्या आहेत. दोन फार लवकर रिकाम्या होतात, एक तुंबते. चौथीला परवा पहिलं फूल लागलं.